प्रश्नाआधी आलेलं उत्तर

१

औषधाच्या दुकानात माणसं घाईघाईने शिरतात. ती बाई मात्र सावकाश आली, पाऊल मोजून टाकावं तशी. हातात एक छापील कागद होता. तो तिने काउंटरवर ठेवला, वर तळहात दाबला आणि विचारलं, "हे पान तुमचंच ना?"

सकाळचे नऊ वाजले होते. काउंटरमागे दादा होते, दुकानाचे मालक. त्यांनी कागद नाकाजवळ नेला, पण डोळ्यांनी दोन वर्षांपूर्वीच साथ सोडलेली. त्यांनी तो मागे सरकवला, आपल्या धाकट्या बहिणीकडे.

बहीण कॉम्प्युटरपुढे बसून केर काढत होती. तिला सगळे टपालमावशी म्हणत. एकतीस वर्षं तिने टपालखात्यात पत्रं निवडली होती, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम दादांच्या ब्लॉगवर करत होती. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, कशाबरोबर काय घेऊ नये, असं दादा त्या ब्लॉगवर सोप्या भाषेत सांगत. ते बोलत, ती टाइप करी. वाचणारे हजारो होते, आणि त्यांच्या मागोमाग कचराही यायचा. रोज सकाळी तीन-चारशे खोट्या कमेंट येऊन पडलेल्या असत. बूट घ्या, घड्याळं घ्या, आठ दिवसांत केस उगवा. प्रत्येकीच्या शेपटाला एक लिंक. मावशी म्हणायची, "देवाने माणसाला जीभ दिली आणि माणसाने तिची दोरी केली, जाहिराती वाळत घालायला."

तिने कागद पाहिला. दादांचाच झोपेवरचा लेख होता आणि खाली कमेंट होत्या. त्यातल्या एकीभोवती लाल शाईने वर्तुळ काढलेलं होतं.

"माझी बहीण वाचनालयात आहे," बाई म्हणाली. "तिने इथे प्रश्न विचारला होता. त्याखाली हे उत्तर आलं. त्यातल्या लिंकवरून तिने पूड मागवली आणि आठ दिवस घेतली. काल सकाळी ती पुस्तकं लावता लावता पडली, ती अजून शुद्धीवर नाही."

बाकावर मास्तर बसले होते. दादांचे जुने मित्र, शाळेतून निवृत्त झालेले. रोजच्यासारखा हातात कागद घेऊन ते दादांना वाचून दाखवत होते. ते ओळीच्या मध्येच थांबले.

"डबा आणलात का?" दादांनी विचारलं. "डब्यावर काय लिहिलंय?"

"डबा संपला होता. मीच विसळून पालथा घातला. मला काय माहीत." बाईचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "डॉक्टर म्हणतात, पुडीत काय होतं ते आज संध्याकाळच्या आत कळायला हवं. रक्तातून कळायला दोन दिवस लागतील, आणि दोन दिवस तिच्यापाशी नाहीत. न कळता काही द्यायचं म्हणजे अंधारात सुई मारणं. तिने तुमच्यावर विश्वास ठेवला हो. तुमचं पान म्हणून ठेवला."

मावशीने लिंक उघडली. पडद्यावर पांढरं पान आलं. पूड विकणारं ते दुकान उठलेलं होतं.

२

मावशीने वर्तुळातला मजकूर पुन्हा वाचला. कमेंट अशी होती:

'रात्र रात्र झोप न लागणं काय असतं ते मला माहीत आहे. कोमट दुधाने काही होत नाही. माझ्या घरी वर्षभर ही पूड चालू आहे. निर्धास्त मागवा.' खाली लिंक, आणि नाव: कृतज्ञ वाचक.

"ही मी सोडलेली नाही," ती म्हणाली.

"मग आपोआप उगवली?" दादा म्हणाले. "लिंकवालं एकही तू सोडत नाहीस, हे मी छातीठोकपणे सांगत आलोय."

तिने ब्लॉगची देखभाल करणाऱ्या पोराला बोलावलं. चाळिशीला आला तरी तो सगळ्यांचा पोरच. गळ्यात कायम वायरीचं वेटोळं असायचं, म्हणून नाव पडलं वायर. तो धापा टाकत आला आणि उभ्याउभ्याच कीबोर्डवर वाकला.

"मावशी, तुम्हीच नियम करून घेतला होता," तो म्हणाला. "ज्याची एक कमेंट तुम्ही पास केली, त्याच्या पुढच्या तुमच्याकडे येतच नाहीत. थेट लागतात."

मावशीला आठवलं. कामाने मान मोडली होती, म्हणून तिनेच सांगितलं होतं. दारावर एकदा तोंड पाहायचं, मग तो घरचा. या कृतज्ञ वाचकाची पहिली कमेंट आठ महिन्यांपूर्वीची होती. 'काका, तुमच्यामुळे आमच्या घरात आधार आला.' लिंक नाही, काही नाही. ती वाचून तिचे डोळे भरून आले होते. डोळे पुसत तिने दार उघडलं होतं.

"त्यानंतर या नावाच्या किती?"

"सतरा. जुन्या जुन्या लेखांखाली. सगळ्यांत तीच लिंक."

सतरा. केर काढताना तिने उंबरा झाडला होता आणि साप माजघरात वेटोळं घालून बसला होता.

"कुठून लिहिली ते कळतं का रे?"

वायरने आणखी काही दाबलं. मग त्याचे हात थांबले. त्याने एकदा काउंटरकडे पाहिलं, एकदा बाकाकडे, आणि आवाज खाली आणला.

"मावशी, ही बाहेरून आलेली नाही. सतराच्या सतरा इथूनच गेल्यात. या दुकानाच्या इंटरनेटवरून."

३

बाई दवाखान्यात परतली. मास्तर उठले. "मीही निघतो," ते म्हणाले, "हिला वेळेवर खायला द्यावं लागतं." हातातला कागद चार घड्या घालून त्यांनी खिशात ठेवला आणि गेले. दादांनी शटर निम्मं खाली ओढलं.

मावशीने खुर्ची ओढली. पत्र कुठून निघालं, कधी निघालं आणि वाटेत कुणाच्या हातात होतं, हे तीन प्रश्न तिने जन्मभर विचारले होते.

कुठून, ते कळलं होतं. कधी, तेही कमेंटवर होतं: गेल्या महिन्यातला मंगळवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं.

तिने सूनबाईला हाक मारली. दादांची सून दुकानात बिलं करायची आणि प्रिंटरही सांभाळायची.

"मंगळवारी? आत्या, त्या दिवशी माझी दाढ काढली नाही का?" सूनबाई म्हणाली. "दहाची वेळ होती. तुम्ही माझा हात धरून बसला होतात. खरं म्हणजे मी तुमचा धरला होता. तुमच्या बोटांवर वळ उठले होते."

"आपण निघालो कधी?"

"पावणेदहाला. निघताना मी त्या दिवशीच्या नव्या कमेंट छापून काउंटरवर ठेवल्या, रोजच्यासारख्या. परत आलो साडेअकराला. तुम्ही आल्या आल्या कॉम्प्युटरवर बसलात."

दहा वाजून दहा मिनिटांनी सूनबाईचं तोंड डॉक्टरांच्या चिमट्यात होतं. तिच्यावरची शंका तिथेच गळून पडली.

"तू कुठे होतास?" मावशीने वायरला विचारलं.

तो कानाच्या पाळीशी चाळा करू लागला. "इथेच. म्हणजे गच्चीवर. त्या दिवशी केबल बदलली मी. नऊपासून अकरापर्यंत."

"एकटा?"

"एकटाच. आणि तुम्ही विचारायच्या आत सांगतो, सहा वर्षांपूर्वी मी हा धंदा केलाय. लोकांच्या ब्लॉगवर लिंका चिकटवायचा. शंभर चिकटवल्या की हातावर काहीतरी टेकवायचे. पोट होतं, मावशी. तुम्ही इथे ठेवलंत, तेव्हा सोडलं."

"मला कधी बोलला नाहीस."

"तुम्ही मला घरचा म्हणत होतात. बोललो असतो तर म्हटलं असतंत?"

दादा मध्येच उसळले. "पोरा, खरं सांग. मी पोलिसांना सांगणार नाही. डबा असेल तर आण. कुणाचं तरी लेकरू मरतंय."

"काका, माझ्याकडे डबा नाही." वायरचं तोंड पांढरं पडलं होतं. "माझं घर उपसून बघा."

मावशीचं लक्ष पडद्यावर होतं. वाचनालयवाल्या बाईंचा प्रश्न आला होता नऊ चाळीसला. उत्तर आलं होतं दहा दहाला. एकाखाली एक, ओळीत. कुणालाही वाटावं, एकाने विचारलं, दुसऱ्याने सांगितलं. पण प्रश्न विचारणारी नवी होती. तिची कमेंट दारात थांबलेली असणार, मावशीने सोडेपर्यंत.

"वायर," ती हळू म्हणाली, "हा प्रश्न मी पास कधी केला, ते बघ."

त्याने पाहिलं. "अकरा पस्तीस."

"म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी हा प्रश्न जगात कुणालाच दिसत नव्हता," मावशी म्हणाली. "मग त्याचं उत्तर आलं कसं?"

४

दादांनी डोकं धरलं. "न दिसणारं बघू शकतो तो कोण? ज्याच्याकडे चावी आहे तो. तू आणि हा." त्यांचं बोट वायरवर रोखलेलं होतं.

वायर भिंतीला टेकला. आता तो बाजूही मांडत नव्हता. जुनं कर्म सांगून टाकलं की माणसाला पुढच्या प्रत्येक पापाचा धनी व्हावं लागतं, हे त्याला कळून चुकलं असावं.

"थांब दादा," मावशी म्हणाली. "हे दुधाचं काय?"

"कसलं दूध?"

"यात लिहिलंय, कोमट दुधाने काही होत नाही. दुधाचं बोललं कोण? बाईंच्या प्रश्नात दूध नाही. तुझ्या लेखात नाही. खालच्या तीस कमेंटमध्ये नाही. हा माणूस कुणाचं म्हणणं खोडून काढतोय?"

दादांच्या कपाळावर आठ्या चढल्या, आणि मग एकदम उतरल्या.

"मी बोललो होतो," ते म्हणाले. "प्रश्न ऐकला आणि म्हटलं, सांगा तिला, कोमट दूध घे आणि पाय चेपून झोप. पण तू ते कुठे लिहिलंस?"

"लिहिलं नाहीच. दुसऱ्या दिवशी मी तुला पूर्ण प्रश्न वाचून दाखवला, तेव्हा तू दूध रद्द केलंस. म्हणालास, हिला फिट येतात, स्वतःहून काही घेऊ नको, आधी आपल्या डॉक्टरांना विचार. तेच मी माझ्या यादीतून, पान न उघडता, खाली टाकलं. ते तिथे आहे. पण त्याआधी कुणीतरी गोड बोलून गेला होता." ती वायरकडे वळली. "तू गच्चीवर होतास. दादाचं दूध तुला ऐकू आलं?"

"दोन मजले वर? माझ्या कानात ड्रिल होतं, मावशी."

"म्हणजे तू नाहीस. ज्याने लिहिलं, तो इथे होता. दादाचा आवाज पोचेल इतका जवळ. आणि प्रश्न त्याने पडद्यावर पाहिला नाही." तिने प्रिंटर चालू केला आणि यादी छापली. जशी सूनबाई रोज छापायची, तशीच. कागद बाहेर आला. प्रत्येक कमेंटच्या फक्त पहिल्या चार ओळी, मग तीन टिंबं. "दादा, तुला रोज एवढंच वाचून दाखवलं जातं. बाकीचं मी पडद्यावर वाचते, म्हणून आपल्यापैकी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आता ऐक."

तिने वाचलं. "'काका, मी वाचनालयात काम करते. तीन महिने झाले, रात्रभर टक्क जागी असते. दिवसा अक्षरं पुसट दिसतात. काही साधासा उपाय सांगाल का?' इथे चार ओळी संपल्या. पाचवी मी पडद्यावरून सांगते. 'मला लहानपणापासून फिट येतात. त्याची गोळी रोज चालू आहे. तिच्याबरोबर झोपेचं काही चालेल का?'"

मावशीने छापलेला कागद काउंटरवर ठेवला.

"ज्याने पूड सुचवली, त्याला पाचवी ओळ माहीतच नव्हती," मावशी म्हणाली. "त्याने कागद वाचला. दादा, तुला त्या दिवशी वाचून कुणी दाखवलं?"

दादांना उत्तर माहीत होतं. त्यांच्या आंधळेपणात उजेड असा एकाच माणसाचा होता.

"तो नव्हे," ते शेवटी म्हणाले. "त्याला फोनवर बोट चालवायची अक्कल नाही गं."

"फोनमध्ये बोललं की फोन लिहितो, काका," वायर जमिनीकडे पाहत म्हणाला. "मागच्या वर्षी मीच शिकवलं त्यांना, दुकानाचं इंटरनेटही जोडून दिलं. ते बाहेर पायरीवर जाऊन बोलतात."

५

मास्तरांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, जिन्याच्या टोकाला होतं. बारा वाजून गेले होते. मावशी आणि वायर वर चढले. दार मास्तरांनीच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, बाई. ही झोपलीय."

खोली नीटनेटकी होती. फक्त दाराला आतून तीन कड्या होत्या, एकीवर एक. मावशीची नजर तिथे गेलेली मास्तरांनी पाहिली.

"तिला काही आठवेनासं झालंय," ते म्हणाले. "दिवसा बरी असते. अंधार पडला की उठून बाहेर जायची. एकदा रस्त्याच्या मधोमध सापडली, अनवाणी. दोन वर्षं मी दाराला पाठ लावून बसलो, बाई. पाठ वाकली. मग ती पूड मिळाली. पहिल्याच दिवशी ती झोपली आणि मीही झोपलो. तुम्हाला सांगतो, मी देवाच्या पाया पडलो."

"आणि लिंक?"

त्यांनी नाकारलं नाही. "तीन माणसं जोडली की ते पूडवाले एक डबा फुकट पाठवतात. आधी चमचाभर पुरायची. मग दोन लागले, मग तीन. मग माणसंही जास्त लागली. मी कुणाला फसवलं नाही. खरंच गुण येतो. मी वाईट काय सांगितलं?"

"वाचनालयातल्या बाईंना फिट येतात, मास्तर. कागदावर ती ओळ आली नव्हती."

मास्तरांचे हात मांडीवर पडले. जन्मभर मुलांना 'पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा' असं सांगणारा माणूस होता तो. त्यांनी मान खाली घातली.

"डबा द्या," मावशी म्हणाली. "त्यात काय आहे ते दवाखान्याला कळलं तर ती वाचेल. संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

ते उठले नाहीत. "डबा दिला की येणं बंद होईल. मग हिचं काय? तुम्ही येऊन बसाल दाराशी? काही होत नाही त्याने. आमच्याकडे वर्षभर चाललंय. बघा ना, किती शांत झोपलीय."

मावशीने आतल्या खोलीकडे पाहिलं. पडदा स्थिर होता. आतून श्वास ऐकू येत होता, पण दोन श्वासांमध्ये फार अंतर होतं. तिसऱ्या श्वासाची वाट पाहत तिने मनात आकडे मोजले.

"दिवसा बरी असते म्हणालात ना?" ती म्हणाली. "मग भर दुपारी झोपल्यात कशा?"

"आज उठलीच नाही. दमली असेल."

"काल किती चमचे दिले?"

मास्तरांची नजर पडद्याकडे गेली.

"उठवा त्यांना," मावशी म्हणाली.

मास्तर आत गेले. त्यांनी हाक मारली. हळुवार, मग मोठ्याने, मग शाळेच्या आवाजात, ज्या आवाजाला अख्खा वर्ग ताठ बसायचा. आतून काहीच उत्तर आलं नाही. मग पडद्यामागून ते म्हणाले, "बाई, हिचे हात गार आहेत."

वायर जिना उतरून गाडी बघायला धावला. मास्तर बाहेर आले ते तीन डबे पोटाशी घेऊन. दोन रिकामे होते, एक अर्धा भरलेला. मावशीवर पुन्हा मागायची वेळच आली नाही.

६

दवाखान्याच्या त्या मजल्यावर एकच लांब बाक होता. डॉक्टरांनी अर्धा डबा घेऊन माणूस प्रयोगशाळेत पिटाळला आणि तीनच्या सुमाराला निरोप आला. जनावरांना शांत करायला वापरतात तसलं गुंगीचं औषध होतं, साखरेत मिसळलेलं. एकदा कळल्यावर डॉक्टरांचे हात भराभर चालू लागले. दोन खाटा, शेजारी शेजारी, एकीवर वाचनालयवाली, दुसरीवर मास्तरांची बायको. दोघींना एकच इलाज.

मावशीने तोवर फोनवरून सतराही कमेंट काढून टाकल्या होत्या. ज्यांनी ज्यांनी त्यांना उत्तर दिलं होतं, त्या प्रत्येकाला ती लिहीत होती: पूड घेऊ नका, डबा फेकू नका, आधी दवाखाना गाठा. एकवीस जण होते. नऊ जणांची उत्तरं आली. बारा जणांची वाट पाहायची होती, आणि प्रत्येक न आलेल्या उत्तराबरोबर तिला तो दोन श्वासांमधला अवकाश ऐकू येई.

चारनंतर डॉक्टर बाहेर आले. "वाचनालयवाल्या बाईंनी डोळे उघडले," ते म्हणाले. "नाव विचारलं, ते बरोबर सांगितलं. आजींचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. वय आहे, आणि साठलेलं फार आहे."

सकाळची ती बाई भिंतीला धरून उभी होती. हळूहळू ती बाकावर बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. सकाळपासून अडवून धरलेलं सगळं. शांत झाल्यावर तिने डोळे पुसले आणि मावशीला विचारलं, "डबा कुणी आणला? मला त्यांच्या पाया पडू द्या."

मावशी उत्तर देणार होती. पण समोरच्या भिंतीशी उभे असलेले मास्तर पुढे आले.

"मी आणला," ते म्हणाले. "पाया पडू नका. तुमच्या बहिणीला उत्तर लिहिणाराही मीच."

बाईला कळायला क्षणभर लागलं. मग ती त्यांच्याकडे बघत राहिली. वायरने नकळत एक पाऊल पुढे टाकलं, मध्ये पडावं लागेल अशा बेताने. मावशीने त्याचा दंड धरला.

"का?" बाईने विचारलं.

"मी तिचं पूर्ण वाचलं नाही. अर्धं वाचलं आणि मला ती माझ्यासारखी वाटली."

"आणि त्या दुसऱ्या खाटेवर कोण आहे?"

"माझी बायको."

"तिला कुणी दिली पूड?"

"मीच. रोज, माझ्या हाताने."

क्षमेचा शब्द बाईच्या तोंडून निघाला नाही, आणि मास्तरांनीही तो मागितला नाही. आतलं यंत्र टुकटुक करत होतं. वाचनालयवालीचं की दुसरीचं, ते बाहेरून कळत नव्हतं. मास्तर भिंतीचा आधार न घेता उभेच होते.

मग बाईने शेजारी ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. तिने मास्तरांकडे पाहिलं नाही. दाराकडे बघत ती नुसती म्हणाली, "बसा. वेळ लागेल."